रविवारी मेस बंद

रविवारी रात्री हॉस्टेलची मेस बंद असायची. दुपारी फीस्ट होई, श्रीखंड-पुरी, मसालेभात, आणि मेसवाले काका भांडी आवरून घरी जायचे. रात्री आठ वाजले की पोटात कावळे ओरडायला लागत. २००१ ते २००५ या काळात मी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात होतो, सीओईपीत, सिव्हिलला. बहुतेकांच्या खिशात रविवारी वीस-तीस रुपये उरलेले असत. तेवढ्यात पोटभर काय मिळेल हे शोधत शोधत आम्ही परमिट रूमपर्यंत पोचलो. दारूसाठी नाही, अंडा बुर्जीसाठी. हे घरी कधी सांगता आलं नाही, कारण घरी कुणाला ते खरं वाटलं नसतं.

संचेती चौक ओलांडून शिवाजीनगर स्टेशनच्या बाजूला गेलं की एक बोळ होता. एक लॉज, दोन झेरॉक्सवाले, टायपिंगचं दुकान, आणि टोकाला ही परमिट रूम. बाहेर ट्यूबलाइटची पाटी, आत नऊ टेबलं, कडा उचकटलेला सनमायका. गल्ल्यामागे उडुपीच्या कृष्णाचा आणि कटीलच्या दुर्गापरमेश्वरीचा फोटो, त्यावर रोज ताजी शेवंती. गल्ल्यावर अण्णा. नाव काहीही असो, आम्हाला ते अण्णाच.

पहिल्या दिवशी आम्ही तिघं आत शिरलो आणि उगाच रुबाबात मेनूकार्ड उघडून बसलो. अण्णा स्वतः उठून आले. म्हणाले, "आयकार्ड बघू." पाहिलं. "सेकंड इयर. बुर्जी, पाव, लिंबू सोडा. बसा."

महाराष्ट्रात सौम्य बिअरला वयाची अट एकवीस आहे आणि त्याहून कडक दारूला पंचवीस. अण्णांच्या तोंडी कायद्याची भाषा कधी आली नाही. त्यांचा हिशेब इयत्तेवर चालायचा. सेकंड आणि थर्ड इयरला सोडा. फायनलला, एकवीस पुरी झाली असतील तर, तिघांत एक बिअर. क्वार्टर हॉस्टेलच्या पोराला कधीच नाही. शेजारच्या टेबलावरून कुणी आमच्यासाठी मागवली, तरी ते गल्ल्यावरून नुसते बघायचे आणि वेटर रिकाम्या हाताने परत जायचा. तेव्हा आम्हाला याचा राग यायचा. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला आणि त्याआधी त्याला पबमध्ये दारू दिल्याचा आरोप झाला. तेव्हा मला आधी अण्णाच आठवले. आयकार्ड डोळ्यांपासून लांब धरून, चष्मा कपाळावर चढवून वाचणारे.

परमिट रूम हा शब्द आपण इतका सहज वापरतो की त्यातलं परमिट विसरून जातो. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने दारू बंद केली आणि नंतर परवान्याची वाट ठेवली. ती वाट अजून तशीच आहे. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना, वर्षाचा शंभर आणि आजन्म हजाराला. परवाना असलेल्याने ज्या खोलीत बसून प्यायची ती परमिट रूम. शाळा-कॉलेज आणि देवळापासून पंच्याहत्तर मीटरचं अंतर ठेवायचं हाही नियम. सेकंड इयरला आम्हाला सर्व्हेइंग होतं आणि पावलं मोजून अंतर काढायची सवय लागली होती. मी एकदा कॉलेजच्या गेटपासून या दारापर्यंत मोजली. चारशे साठ पावलं, माझं पाऊल पंच्याहत्तर सेंटिमीटरचं, म्हणजे ३४५ मीटर. वहीत लिहूनही ठेवलं होतं.

आमचं कॉलेज १८५४ साली सुरू झालं ते सरकारी बांधकामावरचे हाताखालचे अधिकारी तयार करायला. आणि त्या बोळात रोज रात्री अशी माणसं बसायची ज्यांच्यासाठी ते रस्ते, पूल, कालवे बांधले गेले. हे मला तिथे बसून हळूहळू कळत गेलं. मुक्कामी आलेले एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर. तिकिटांची पेटी पायाजवळ ठेवून, एक पाय तिच्यावर टेकवून बसायचे. जिल्हा न्यायालयात तारखेला आलेले जुन्नर, इंदापूर, भोरकडचे पक्षकार. पिशवीत सातबारा, मोजणीचा नकाशा आणि घरून बांधून आणलेली भाकरी. एखादा आमचे ड्रॉइंग शीटचे लांबडे डबे बघून विचारायचा, "इंजिनिअर का पोरांनो? मग बांधावरची मोजणी खरी असते का रं?" आम्ही चेन, प्लेन टेबल, बेंचमार्क असं काहीबाही सांगायचो. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "म्हणजे मोजणारा खरा असला तर." वर्गात एररचे प्रकार शिकवले होते, त्यात हा नव्हता.

तेव्हा आत बसूनच सिगारेट ओढत. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी ती बंद झाली. आमच्या काळात दहानंतर गल्ल्यावरचा कृष्ण धुरात अर्धा दिसेनासा व्हायचा. हॉस्टेलवर आल्यावर शर्ट दोरीवर टाकून झोपायचं.

सगळं गोड सांगायचं नाही. आमच्यातला एक जण फायनलनंतर सुटलाच. अण्णांनी दिली नाही तर वाइन शॉपवाला देत होता, त्यात वय कुणी विचारत नव्हतं. त्याला आम्ही दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. चाळिशी गाठायच्या आत लिव्हरने गेला. त्याच्या आईने मला विचारलं होतं, तुम्ही सगळे बरोबर होतात ना रे. त्या प्रश्नाला आजही माझ्याकडे उत्तर नाही, आणि परमिट रूमबद्दल प्रेमाने लिहिताना तो बाजूला ठेवता येत नाही.

पण मला लिहायचं आहे ते आमच्या टेबलाच्या वेटरबद्दल.

मोठे वेटर त्याला बारक्या म्हणायचे, म्हणून आम्हीही बारक्याच म्हणायचो. उडुपी जिल्ह्यातला, कार्कळकडचा. अंगाने काडी, खांद्यावर नॅपकिन, शर्टाचा खिसा कायम फुगलेला, कारण उघडलेल्या प्रत्येक बाटलीचं बूच तो खिशात टाकायचा. बिलाच्या वेळी बुचं टेबलावर ओतून मोजायचा. बाटल्या टेबलाखाली ओळीने उभ्या, बुचं वर, दोन्ही आकडे जुळले की बिल. वाद झालेला मी पाहिला नाही. आम्ही नुसता सोडा आणि बुर्जी घेणारे, टेबल अडवणारे, तरी आमच्यापुढे तो चकण्याची वाटी ठेवायचा. खारे शेंगदाणे, भाजके चणे, कधी मीठ-तिखट लावलेली काकडी. संपली की न मागता दुसरी. मोठ्या वेटरने हटकलं तर तुळूत काहीतरी बोलायचा. त्यांचं आपसातलं एकच वाक्य मला पाठ झालं होतं, कारण शिफ्ट बदलताना प्रत्येक जण दुसऱ्याला ते विचारायचा: "ओणस् आंडा?" जेवण झालं का. आम्हीही ते एकमेकांना म्हणायला लागलो आणि हॉस्टेलच्या आमच्या मजल्यावर ते वर्षभर चाललं.

ते सगळे तिथेच, किचनवरच्या पोटमाळ्यावर राहायचे. चार फूट उंची. रात्री शटर अर्धं खाली आलं की एकेक जण शिडीने वर जायचा आणि आत शिरताना कमरेत वाकायचा.

थर्ड इयरला बिल्डिंग ड्रॉइंगचं सबमिशन होतं. रविवारी रात्री शीटचा डबा घेऊनच तिथे गेलो, कारण उरलेलं काम मित्राच्या खोलीवर करायचं होतं. एका मित्राला एक माप तपासायचं होतं. मी म्हटलं, टेबल पुसून देतोस का जरा नीट? बारक्याने ओल्या फडक्याने पुसलं. मग कोरड्याने. मग खांद्यावरचा नॅपकिन काढून पुन्हा एकदा, कडेपर्यंत, आणि स्वतःच्या तळव्याने ओल राहिलीय का ते बघितलं. मी शीट उलगडली. चार कोपऱ्यांवर त्याने चार रिकामे ग्लास ठेवले, तेही बूड पुसून.

"हे काय?"

"बंगल्याचा प्लॅन. घर मधोमध आडवं कापलं आणि वरून बघितलं तर असं दिसेल."

तो वाकून बघत राहिला. बोट शीटच्या वरून फिरवत होता, कागदाला न टेकवता, कारण हात ओला होता. "झोपायची खोली?"

मी दाखवली.

"उंची किती?"

"दहा फूट."

त्याने मान वर केली आणि किचनवरच्या माळ्याकडे बघितलं. काही बोलला नाही. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी "रिपीट" म्हणून हाक मारली आणि तो गेला.

बिलाच्या वेळी म्हणाला, "माझ्या घराचा काढून देशील?"

गावी आई होती, कौलारू घर होतं, पावसात मागची भिंत ओली व्हायची. उडुपीकडे वर्षाला चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याच्या पाच-सहा पट. तिथे भिंत ओली होते म्हणजे काय होतं हे मला तेव्हा कळायला हवं होतं. "देतो की," मी म्हटलं. "जागेची मापं आण." पुढच्या रविवारी त्याने बिलबुकाचा एक कागद आणून दिला. मागच्या बाजूला पेन्सिलने काढलेला चौकोन, चाळीस बाय तीस फूट, एका कडेला विहीर, एका कडेला माडाची झाडं, मोजून पाच. उत्तर कुठे ते बाणाने दाखवलेलं. आमच्या वर्गातली अर्धी मुलं बाण विसरायची.

मी तो कागद कॅल्क्युलेटरच्या कव्हरात सरकवला.

आणि काढला नाही. फायनल इयर आलं, प्रोजेक्ट, कॅम्पस इंटरव्ह्यू, मग मुंबईत साइटवर नोकरी. त्या वर्षभरात मी किमान वीस रविवार त्याच्या टेबलावर बसलो असेन. आता तिघांत बिअर मिळायला लागली होती, बूच त्याच्या खिशात जायचं, वाटी भरायची. त्याने एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी एका रात्रीत काढून दिला असता, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. पण ज्याने मागायचं ते एकदा मागून झालं होतं. पुढचं माझ्याकडे होतं.

२०२५ साली मुलगी अकरावीत गेली आणि सायंटिफिक कॅल्क्युलेटर हवा म्हणाली. माझा जुना कॅसिओ काढला, चालतो का बघावं म्हणून. कव्हर सरकवलं तर आत तो कागद. पेन्सिल पुसट झाली होती, पण पाच माड दिसत होते.

ऑगस्टमधल्या एका रविवारी गेलो. स्टेशनकडे जाताना वाटच समजेना. एसटी स्टँड २०१९ च्या अखेरीला वाकडेवाडीला हलला. त्याच्या जागी, खाली आणि भोवती मेट्रो. पलीकडच्या सिव्हिल कोर्टच्या स्टेशनात तर सुमारे तेहेतीस मीटर खाली उतरावं लागतं. इतक्या खोलात बांधलेली डायफ्रॅम वॉल, म्हणजे जमिनीत उतरवलेली काँक्रीटची भिंत, बघायला मी एकदा मुद्दाम गेलो होतो, आणि तिथून पाच-सात मिनिटांवरच्या या बोळात मात्र वीस वर्षं फिरकलो नव्हतो. टायपिंगचं दुकान गेलं होतं. लॉजची मोबाइल अ‍ॅक्सेसरीजची गाळेवाडी झाली होती. टोकाला पाटी तीच, ट्यूबऐवजी एलईडी.

गल्ल्यावर तो होता. पोट सुटलेलं, चष्मा, केस पांढरे. मी ओळखलं ते खिशावरून. आता त्यात बुचं नव्हती, पेन होते, पण खिसा तसाच फुगलेला. त्याने माझ्याकडे बघितलं, थोडा वेळ गेला, आणि म्हणाला, "सिव्हिल. बुर्जीत कांदा जास्त."

करोनात सगळं बंद झालं तेव्हा अण्णा गावी गेले ते परतलेच नाहीत, दोन वर्षांपूर्वी वारले. मार्च २०२० पासून ऑक्टोबरपर्यंत शटर खाली होतं. आता जागा अण्णांच्या मुलांची, धंदा यानं चालवायला घेतलेला. गिऱ्हाईक निम्म्यावर आलं म्हणाला. एसटीचे लोक गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये परमिट रूमचा व्हॅट पाचाचा दहा टक्के झाला, जून २०२५ मध्ये सरकारने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं, मग १४ जुलैला राज्यभरच्या परमिट रूम एक दिवस बंद ठेवल्या तेव्हा यानंही ठेवली. "लोक दुकानातून घेतात आणि गाडीत बसून पितात," तो म्हणाला. "गाडीत बघणारं कोण असतं?" विद्यार्थी येतात का, विचारलं. येतात म्हणाला, आणि गल्ल्याखालून एक चिकटवलेला कागद दाखवला, त्यावर मोठ्या अक्षरात २१ आणि २५. "अण्णा इयत्ता बघायचे, मी आधार बघतो."

मी खिशातून तो कागद काढून गल्ल्यावर ठेवला.

तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "हे माड आता दोनच आहेत."

मी माफी मागितली. सरळ शब्दांत, वीस वर्षं जशी मनात होती तशी. त्याने मान हलवली, नाकारलीही नाही आणि मोठीही केली नाही. घर झालं म्हणाला, २०१४ साली, गावातल्या मेस्त्रीने बांधलं. मोबाइलवर फोटो दाखवला. जांभ्याच्या भिंती, पुढे पडवी, वर स्लॅब. "मुरकल्लू," म्हणाला, जांभ्याला तिकडे ते म्हणतात. त्याला मी नाव विचारलं, खरं नाव, आणि त्याने सांगितलं. इथे लिहीत नाही, कारण लिहू का म्हटल्यावर तो नको म्हणाला. गावी सगळ्यांना तो पुण्यात हॉटेलात आहे एवढंच माहीत आहे. बारमध्ये आहे हे आईला तिच्या शेवटापर्यंत कळू दिलं नाही. आम्हीही रविवारी रात्री घरी फोन करून लायब्ररीत होतो म्हणायचो. जन्मसाल विचारलं तर १९८३. माझंही तेच. ज्याला आम्ही तीन वर्षं बारक्या म्हणून हाका मारल्या तो आमच्यापैकी दोघांपेक्षा मोठा होता.

जेवलास का, त्याने विचारलं. तुळूत विचारलं, आठवतंय का बघायला. मी नाही म्हटलं. बुर्जी आली, कांदा जास्त घालून, आणि लिंबू सोडा. बिअर मी मागितली नाही, त्यानेही विचारली नाही. चकण्याची वाटी एका विशीतल्या पोराने आणून ठेवली, ओडिशाचा होता. त्याला याने नावाने हाक मारली.

जेवून हात धुतले तेव्हा तो समोर येऊन बसला. "वर एक मजला चढवायचा आहे. पोरगी मंगळुरूला बी.एस्सी.ला आहे, सुट्टीत येते, तिला अभ्यासाला खोली पाहिजे. मेस्त्री म्हणतो चढेल. तू बघशील?"

मी बिलबुक मागून घेतलं आणि पानाची कोरी बाजू वर केली. पाया किती खोल, विचारलं. गुडघ्याच्या वर, म्हणाला, खाली सगळा जांभाच लागला. कॉलम आहेत का? नाहीत, भिंतींवरच स्लॅब. लिंटेल, म्हणजे चौकटीवरची काँक्रीटची पट्टी, सलग फिरवलीय की फक्त खिडक्यांवर? ते त्याला माहीत नव्हतं. भिंत किती जाड? तेही नक्की नाही. जांभ्याच्या भिंतीवर आणखी एक मजला टाकायचा तर ही दोन उत्तरं अंदाजाने चालत नाहीत, आणि चार हजार मिलिमीटर पावसात तर मुळीच नाही. मी म्हटलं, घरी फोन लावून विचार.

तो उठला, पण फोन गल्ल्यावरून लावला नाही. मला खूण केली आणि आम्ही बाहेर आलो, पाटीच्या उजेडाच्या पलीकडे, झेरॉक्सच्या बंद शटरपुढे. पाऊस भुरभुरत होता. त्याने माझ्या पाठीमागे काय दिसतंय ते एकदा तपासलं आणि मग व्हिडिओ कॉल लावला. बायकोने उचलला. दोघं तुळूत बोलले. त्याने फोन माझ्याकडे वळवला आणि तिला काहीतरी सांगितलं, त्यातला "इंजिनिअर" तेवढा मला कळला. तिने मान लववून नमस्कार केला, मी केला.

ती आत गेली आणि शिवणाची पिवळी टेप घेऊन आली. खिडकीपाशी फोन टेकवून ठेवला. तिने टेपचं टोक चौकटीच्या बाहेरच्या बाजूला धरलं, दुसऱ्या हाताने आतपर्यंत ताणलं आणि आकडा वाचला. तो मला मराठीत सांगू लागला तेव्हा मी त्याला थांबवलं. "प्लास्टर धरून की सोडून, ते विचार," म्हटलं आणि बिलबुक भिंतीला टेकवून पेनाचं टोपण काढलं.